भुयारातली वाळू आणि पडद्यावरची मोटारसायकल

सागानच्या युद्धकैदी छावणीत जमिनीचा वरचा थर करड्या धुळीचा होता आणि थोडे खाली खणले की पिवळीधमक वाळू लागत असे. छावणीची जागा निवडण्यामागे जे विचार होते, त्यांत हा रंगांचा फरकही होता. कैद्यांनी भुयार खणले, तर खालची वाळू कुठेतरी टाकावीच लागणार होती आणि करड्या मातीवर पडलेली मूठभर पिवळी वाळूसुद्धा पहारेकऱ्यांच्या नजरेतून सुटली नसती. त्याशिवाय अशी वाळू भुसभुशीत असल्यामुळे भुयाराचे छत कोणत्याही क्षणी खचू शकत असे. बराकी जमिनीपासून उचलून बांधलेल्या होत्या, म्हणजे त्यांच्या पोटाखाली वाकून पाहता येत असे. कुंपणाच्या बाजूने जमिनीत ध्वनिग्राहक यंत्रे पुरलेली होती, कारण खणण्याचा आवाज त्यांच्यावर उमटला पाहिजे. थोडक्यात, येथून भुयार खणून कोणीही निसटणार नाही, अशीच ही जागा योजलेली होती.

ही छावणी म्हणजे 'स्टालाग लुफ्ट ३'. सागान तेव्हा जर्मनीत होते. आज ते पोलंडमध्ये आहे आणि त्याचे नाव झागान आहे. पाडलेल्या विमानांतून जिवंत सापडलेल्या दोस्त राष्ट्रांच्या वैमानिकांसाठी जर्मन हवाई दलाने १९४२ साली ती उघडली. २४ मार्च १९४४ च्या रात्री येथून ७६ जण भुयारातून बाहेर पडले आणि १९६३ साली जॉन स्टर्जेस यांनी त्यावर 'द ग्रेट एस्केप' हा चित्रपट काढला. युद्धकैद्यांच्या पलायनाचे जे चित्र जगाच्या मनात आहे, ते बव्हंशी या एका चित्रपटाने रंगवलेले आहे. म्हणून प्रत्यक्षात काय घडले आणि पडद्यावर काय आले, हे शेजारी शेजारी ठेवून पाहण्यासाठी हेच उदाहरण मला सर्वांत योग्य वाटते.

मुळात कैद्यांना इतके खणायला वेळ कसा मिळाला, असा प्रश्न चित्रपट पाहताना पडतो. त्याचे उत्तर १९२९ च्या जिनिव्हा करारात आहे. या करारानुसार साध्या सैनिकांकडून काम करून घेता येत असे, पण अधिकाऱ्यांवर कामाची सक्ती करता येत नसे. सागानमधले बहुतेक कैदी अधिकारी होते. रोजच्या हजेऱ्या, रेड क्रॉसची पार्सले, वाचन आणि नाटके यांपलीकडे त्यांच्यासमोर रिकामा दिवस असे. याच कराराने दुसरी गोष्टही ठरवून दिलेली होती: पळताना सापडलेल्या कैद्याला केवळ शिस्तभंगाची शिक्षा देता येईल आणि ती ३० दिवसांच्या कोठडीपेक्षा अधिक असणार नाही. पळण्याच्या प्रयत्नाकडे एक जोखमीचा, पण नियमांनी बांधलेला डाव म्हणून पाहिले जाई, त्याला हा आधार होता. जपानच्या ताब्यातील छावण्यांत असे संरक्षण प्रत्यक्षात मिळत नसे. तेथे पळून सापडणाऱ्याची गाठ अनेकदा थेट मृत्यूशी पडे आणि आग्नेय आशियातल्या गावांत गोरा माणूस लपून राहणेही अवघड होते. म्हणून पलायनाच्या गाजलेल्या कथा जर्मनीतल्या अधिकाऱ्यांच्या छावण्यांभोवती फिरतात, याचे आश्चर्य वाटायला नको.

सागानच्या कटाचा सूत्रधार होता रॉजर बुशेल. तो दक्षिण आफ्रिकेत जन्मलेला, लंडनमध्ये वकिली केलेला आणि मे १९४० मध्ये विमान पाडले गेल्यामुळे कैदेत पडलेला अधिकारी. त्याआधी तो दोनदा निसटून पुन्हा सापडला होता. त्याची कल्पना अशी होती की एक-दोघांनी पळण्यापेक्षा एकाच रात्री २०० जणांना बाहेर काढावे, म्हणजे त्यांना शोधण्यासाठी जर्मनीला मोठे मनुष्यबळ गुंतवावे लागेल. त्यासाठी १९४३ च्या वसंतात एकाच वेळी तीन भुयारे खणायला घेतली गेली आणि त्यांना 'टॉम', 'डिक' आणि 'हॅरी' अशी नावे देण्यात आली. एक सापडले तर तपास थांबेल आणि बाकीची दोन सुरक्षित राहतील, असा हिशेब त्यामागे होता. 'टॉम' सप्टेंबर १९४३ मध्ये सापडले आणि जर्मनांनी ते स्फोटाने उडवले. 'डिक' पुढे वाळू भरून ठेवायला आणि सामान लपवायला उपयोगी पडले. खऱ्या पलायनासाठी वापरले गेले ते 'हॅरी'.

'हॅरी'चे तोंड १०४ क्रमांकाच्या बराकीत शेगडीखाली होते. बराक उचललेली असली, तरी शेगडीचा पाया विटांचा असून थेट जमिनीत उतरलेला होता. म्हणजे बराकीखाली वाकून पाहणाऱ्याला त्या पायाच्या आत काय चालले आहे हे दिसणे शक्य नव्हते. फरशा जपून काढून त्यांचा झाकणासारखा चौकोन बनवला गेला. शेगडी पेटती ठेवत, म्हणजे तिला हात लावायला कोणी सहसा धजत नसे. तेथून सुमारे ९ मीटर सरळ खाली उतरायचे, कारण त्याहून वर खणले असते तर ध्वनिग्राहकांनी आवाज पकडला असता. मग कुंपणाच्या दिशेने सुमारे १०० मीटर आडवे जायचे. भुयाराची उंची आणि रुंदी जेमतेम ६० सेंटिमीटर होती. माणूस त्यात बसूही शकत नाही. पालथे पडून, कोपरांवर सरपटत जावे लागते.

छत आणि भिंती पेलण्यासाठी कैद्यांनी आपल्याच पलंगांच्या फळ्या काढल्या. हजारो फळ्या अशा खाली गेल्या आणि शेवटी शेवटी उरलेल्या मोजक्या फळ्यांवर तोल सांभाळत झोपायची वेळ आली. श्वासासाठी हवा पोहोचवण्याकरता जुन्या पिशव्यांचा भाता बनवला होता आणि त्याची नळी होती दुधाच्या पावडरीच्या रिकाम्या डब्यांची. 'क्लिम' नावाचे हे डबे रेड क्रॉसच्या पार्सलांतून येत. त्यांचे तळ काढून, एकाला एक जोडून भुयारभर नळी घातली गेली. दिव्यासाठी आधी सूपावरची चरबी आणि पायजम्याच्या नाडीची वात वापरली जाई. पुढे चोरलेल्या तारेतून छावणीचीच वीज खाली नेली गेली. लाकडी रुळांवर दोरीने ओढायची ढकलगाडी होती आणि तिच्या वाटेवरच्या दोन थांब्यांना लंडनमधल्या चौकांची नावे होती: 'पिकॅडिली' आणि 'लेस्टर स्क्वेअर'. अशा तपशिलांत हा चित्रपट वास्तवाशी बराच प्रामाणिक आहे. वॉली फ्लूडी हा कॅनडातील खाणकामगार भुयारांचा प्रमुख होता आणि चित्रपटाला सल्ला द्यायला तो स्वतः हजर होता.

आता पुन्हा त्या पिवळ्या वाळूकडे यावे लागते, कारण पलायनाचे खरे श्रम तिच्यात होते. लांब अंतर्वस्त्राचा पाय कापून त्याची पिशवी करायची, तिचे खालचे तोंड टाचणीने बंद करायचे आणि त्या टाचणीला बांधलेली दोरी विजारीच्या खिशात सोडायची. अशा दोन पिशव्या विजारीच्या आत लोंबत ठेवून कैदी मैदानावर फिरायला निघे. योग्य जागी पोहोचला की खिशातली दोरी ओढे, टाचणी निघे, वाळू विजारीतून पायाशी घसरे आणि तो चालता चालता बुटाने ती धुळीत कालवून टाकी. वजनामुळे चाल डुलत असे, म्हणून या माणसांना 'पेंग्विन' म्हणत. फुलाभाजीच्या वाफ्यांतही वाळू मिसळली जाई. अशा रीतीने टनांच्या हिशेबात वाळू पसरली गेली, तीही प्रत्येक खेपेला काही किलो याप्रमाणे. हिवाळ्यात बर्फ पडल्यावर ही सोय संपली, कारण पांढऱ्या जमिनीवर पिवळी वाळू लपवणार कशी? तेव्हा कैद्यांच्या नाट्यगृहाच्या जमिनीखालची पोकळी कामी आली: एका खुर्चीखालची फळी उचलून वाळू आत ओतली गेली. जर्मन अधिकारी ज्या नाटकांना पुढच्या रांगेत बसत, त्याच नाट्यगृहाखाली 'हॅरी' साठत चालले होते. ही गंमत मला कोणत्याही पाठलागापेक्षा नाट्यमय वाटते.

हे काम सुमारे ६०० कैद्यांनी केले. त्यांत खणणारे थोडेच होते. कोणी खोटी ओळखपत्रे आणि प्रवासपरवाने हाताने रेखाटत असे, कोणी गणवेश उसवून नागरी कोट शिवत असे, कोणी ग्रामोफोनच्या फुटक्या तबकड्या वितळवून होकायंत्राची डबी बनवत असे. कोणी चॉकलेट, कॉफी आणि सिगारेटी देऊन पहारेकऱ्यांकडून कागदपत्रांचे नमुने मिळवत असे, तर कोणी दिवसभर नुसते बसून राही आणि झडती घेणारे पथक कोणत्या बराकीकडे वळले याची नोंद ठेवत असे. या पथकातल्या जर्मनांना कैदी 'फेरेट' म्हणत, म्हणजे बिळात शिरून ससे हुसकावणारा मुंगसाच्या चणीचा प्राणी.

मार्चच्या त्या रात्री चंद्र नव्हता, पण थंडी कडाक्याची होती आणि जमिनीवर बर्फ होते. बाहेरचे झाकण गोठून बसले होते आणि ते उघडण्यात दीड तास गेला. उघडल्यावर कळले की मोजमाप चुकले आहे: भुयाराचे तोंड झाडीत निघायला हवे होते, ते झाडीच्या अलीकडे, उघड्यावर निघाले होते आणि टेहळणीचा मनोरा जवळच होता. तेव्हा पहारेकऱ्याची पाठ फिरली की दोरी ओढून खूण करायची, असे ठरले. मिनिटाला एक माणूस बाहेर पडेल असा अंदाज होता. प्रत्यक्षात तासाला दहा-बारा जणही कठीण झाले. मध्येच बर्लिनवर ब्रिटिश विमानांचा हल्ला झाला, छावणीची वीज तोडली गेली आणि भुयारात अंधार झाला. काही ठिकाणी छत ढासळले. पहाटे पाचच्या सुमारास ७७ वा माणूस बाहेर येत असताना पहारेकऱ्याने त्याला पाहिले. २०० पैकी ७६ जण तारेबाहेर होते.

वर्षभराच्या श्रमाचा विचार केला तर येथे कथा संपली असे वाटेल, आणि पलायनाचे बहुतेक चित्रपट येथेच मनाने संपलेले असतात. परंतु युद्धकैद्याची खरी परीक्षा तारेबाहेर सुरू होते. मार्चच्या बर्फात पायी जाणाऱ्यांचे पाय गारठले आणि त्यांना रस्त्यावर यावे लागले. आगगाडीने जाणाऱ्यांना प्रत्येक स्थानकावर कागद दाखवावे लागत आणि प्रश्नांची उत्तरे अस्खलित जर्मनमध्ये द्यावी लागत. अखेर ७६ पैकी केवळ ३ जण सुरक्षित पोहोचले: नॉर्वेचे पेर बर्ग्सलँड आणि येन्स म्युलर जहाजातून स्वीडनला, आणि नेदरलँड्सचा ब्राम फान डर स्टोक स्पेनमार्गे जिब्राल्टरला. हे तिघे परदेशी कामगार म्हणून प्रवास करत होते, हा योगायोग नव्हता. त्या काळी जर्मनीत देशोदेशींचे लाखो कामगार राबत होते. त्या गर्दीत मोडके जर्मन बोलणारा नॉर्वेकर किंवा डच माणूस खपून जात असे. इंग्रजी वळणाचे जर्मन मात्र कोणाच्याही कानाला खटकत असे.

उरलेले ७३ जण पकडले गेले. हिटलरचा पहिला संताप असा होता की सगळ्यांना गोळ्या घाला. शेवटी ५० हा आकडा ठरला आणि कोण मरणार याची यादी बर्लिनमध्ये तयार झाली. जिनिव्हा करारातली ती ३० दिवसांची मर्यादा एका हुकमाने पुसली गेली. बुशेल मारल्या गेलेल्यांत होता.

चित्रपटात हे हत्याकांड एकाच ठिकाणी घडते: ट्रकमधून नेलेले कैदी पाय मोकळे करायला माळावर उतरवले जातात आणि समोर मशीनगन असते. प्रत्यक्षात असे एकही मैदान नव्हते. गेस्टापोने, म्हणजे नाझींच्या गुप्त पोलिसांनी, या ५० जणांना वेगवेगळ्या शहरांजवळ, वेगवेगळ्या दिवशी, एकेकटे किंवा छोट्या गटांत, बहुधा गाडीतून उतरवून मागून गोळ्या घातल्या, आणि कागदावर लिहिले की ते पुन्हा पळत असताना मारले गेले. मृतदेहांचे दहन करून अस्थींचे कलश सागानला पाठवण्यात आले. पळताना गोळी लागलेल्या ५० जणांपैकी एकही नुसता जखमी कसा झाला नाही, हा प्रश्न छावणीतल्या कैद्यांना विचारण्याची गरजच नव्हती. युद्धानंतर ब्रिटिश हवाई दलाच्या पोलीस विभागाने या प्रत्येक खुनाचा माग काढला, हॅम्बुर्गमध्ये १९४७ साली खटला चालला आणि पुढल्या वर्षी १३ जणांना फाशी झाली. माझ्या मते चित्रपटाने केलेला सर्वांत मोठा बदल मोटारसायकलीवरच्या गाजलेल्या पाठलागाचा नसून हा आहे. पडद्यावर मृत्यू युद्धातल्या एका क्षणासारखा येतो. वास्तवात तो याद्या, शिक्के, सह्या आणि खोटे अहवाल यांच्या वाटेने आला होता.

बाकीचे बदल सर्वज्ञात आहेत आणि त्यांची कारणेही सरळ आहेत. अमेरिकन हवाई दलाचा एकही माणूस त्या ७६ जणांत नव्हता, कारण अमेरिकनांना काही महिने आधीच शेजारच्या वेगळ्या आवारात हलवले होते. पण हॉलिवूडला अमेरिकन नायक हवा होता. त्या नायकाची भूमिका करणाऱ्या स्टीव्ह मॅक्वीनला मोटारसायकलींचे वेड होते म्हणून पाठलाग आला. कुंपणावरची ती प्रसिद्ध उडी मात्र त्याचा मित्र बड एकिन्स याने मारली आणि जर्मन म्हणून दाखवलेली गाडी होती ब्रिटिश बनावटीची 'ट्रायम्फ'. चित्रीकरण बव्हेरियात झाले आणि बर्फाची जागा हिरवळीने घेतली, त्यामुळे गारठलेल्या पायांची गोष्टच कथेतून निघून गेली. चित्रपटातही तिघेच सुटतात, मार्गही साधारण तेच आहेत, पण त्यांच्यात नॉर्वेचा किंवा नेदरलँड्सचा कोणी नाही; मग तेच का सुटले, हे प्रेक्षकाला समजण्याचा मार्ग उरत नाही. एक गाळलेली गोष्ट मात्र वेगळ्या कारणाने गाळली गेली: मायदेशाहून पार्सलांत लपवून आलेले नकाशे आणि साहित्य दाखवू नका, पुढच्या युद्धातल्या कैद्यांची वाट बंद होईल, अशी विनंती माजी युद्धकैद्यांनीच केली होती. आणि एक तपशील आवर्जून सांगण्यासारखा: खोटी कागदपत्रे बनवणाऱ्याची भूमिका करणारे डोनाल्ड प्लेझन्स स्वतः ब्रिटिश हवाई दलात होते आणि १९४४ मध्ये विमान पाडले गेल्यावर जर्मन छावणीत कैदी होते.

गाजलेला चित्रपट आणि मोठे पलायन यांचे प्रमाण सारखे असतेच असे नाही. त्याच वर्षी, ११ मे १९४४ रोजी, फ्रान्समधील एपिनाल येथे भारतीय युद्धकैद्यांच्या छावणीवर अमेरिकन विमानांचे बाँब पडले, भिंती कोसळल्या आणि त्या गोंधळात बाहेर पडलेल्यांपैकी सुमारे ५०० भारतीय सैनिक फ्रेंच गावकऱ्यांच्या मदतीने चालत चालत स्वित्झर्लंडला पोहोचले. सागानचे ३ आणि एपिनालचे ५००. तरी एपिनालचे नाव आपल्याकडे क्वचितच कोणी ऐकलेले असते. तेथे भुयार नव्हते, कट नव्हता, कट रचणारा नायक नव्हता, आणि चित्रपटाला या तिन्हींची भूक असते.

तारेबाहेरच्या परीक्षेचे आपल्या जवळचे उदाहरण १९७२ सालचे आहे. १९७१ च्या युद्धात विमान पाडले गेल्यामुळे पाकिस्तानच्या हाती सापडलेले फ्लाइट लेफ्टनंट दिलीप परुळकर हे मराठी वैमानिक आणि त्यांचे सहकारी मलविंदर सिंग ग्रेवाल व हरीश सिंहजी यांनी रावळपिंडीच्या छावणीत कोठडीची भिंत पोखरली आणि ऑगस्ट १९७२ मध्ये, १३ तारखेच्या पहाटेआधी, ते पावसात बाहेर पडले. येथे ६०० जणांची यंत्रणा नव्हती. हाताशी होती ती किरकोळ हत्यारे आणि भिंतीला पाडलेले भोक रोज झाकून ठेवण्याची चिकाटी. भारताची सीमा जवळ असली तरी तिकडे कडक पहारा असणार हे उघड होते. म्हणून त्यांनी उलट दिशा धरली: बसने पेशावर, पुढे खैबर खिंड आणि तिच्यापलीकडे अफगाणिस्तान. आपण पाकिस्तानी हवाई दलाचे ख्रिस्ती कर्मचारी आहोत, अशी बतावणी त्यांनी ठरवून ठेवली होती. त्यांच्यापैकी कोणालाही परके वाटावे असा चेहरा नव्हता आणि भाषेचीही अडचण नव्हती. सागानच्या इंग्रजांना जे जमले नाही, ते या तिघांना सहज जमत होते.

खैबर खिंडीतल्या लंडी कोतल या गावी ते पोहोचले तेव्हा अफगाणिस्तानची सीमा काही किलोमीटरवर होती. त्यांच्या नकाशात पुढे लंडी खाना नावाचे रेल्वेस्थानक होते आणि त्यांनी तेथे जाण्याची वाट विचारली. त्या स्थानकापर्यंत जाणारी गाडी ब्रिटिशांनी १९३२ सालीच बंद केली होती. चाळीस वर्षे जेथे आगगाडी जात नाही, ते स्थानक शोधणारे हे तिघे कोण, असा संशय तहसील कचेरीतल्या एका माणसाला आला. त्या दिवसांत पाकिस्तानात अडकलेले बंगाली याच वाटेने अफगाणिस्तानात पळत असत, तेव्हा हे तसेच कोणी असावेत, असे त्याला वाटले.

पकडले गेल्यावर त्यांनी जे केले ते सागानमध्ये कोणाला करता आले नसते. त्यांच्या छावणीचा पूर्वीचा प्रमुख उस्मान हमीद तेव्हा पाकिस्तानी हवाई दलप्रमुखांचा सहायक होता आणि कैद्यांशी तो माणुसकीने वागलेला होता. परुळकरांनी त्याच्याशी फोनवर बोलू देण्याची मागणी केली. त्या डोंगराळ मुलखात हेर समजून त्यांचा निकाल लागला असता, तर कोणाला पत्ता लागला नसता. त्या एका फोनमुळे ते अधिकृतपणे पुन्हा युद्धकैदी झाले. २००७ साली आलेल्या, सर्वोत्कृष्ट हिंदी चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळवलेल्या '१९७१' या चित्रपटातही पाकिस्तानातून निसटू पाहणारे भारतीय कैदी आहेत, पण ती कल्पित कथा आहे आणि तिच्यात धावपळ, गोळीबार आणि बर्फाळ डोंगर आहेत. लंडी कोतलला मात्र गोळी झाडली गेली नाही आणि कोणी धावलेही नाही. एका जुन्या नकाशावर एक नाव छापलेले होते आणि ते मोठ्याने उच्चारले गेले, एवढेच घडले. तिघेही १ डिसेंबर १९७२ रोजी इतर कैद्यांबरोबर भारतात परतले.